सालचा गडी

आमच्या कॉलेजच्या क्रीडा विभागात चहा चषकातून मिळायचा. सरांनी कपबशा कधी आणल्याच नाहीत. संघांनी जिंकून आणलेले स्टीलचे छोटे चषक त्यांनी लाकडी बैठकीवरून उपटले, चिंचेनं घासले आणि चहाला लावले. चषकांवरच्या पट्ट्या मात्र तशाच ठेवल्या. त्यामुळे सरांच्या मनात कुणाची काय जागा आहे, हे पहिल्या घोटाआधीच कळायचं. प्राचार्यांना कायम ‘तृतीय क्रमांक’. संस्थेच्या सचिवांना ‘उपविजेता’, कारण मैदान लग्नाच्या मंडपासाठी भाड्यानं द्यायला त्यांनी एकदा नकार दिला होता. ‘विजेता’ लिहिलेला चषक कपाटाच्या वरच्या फळीवर पालथा असायचा. त्यातून चहा पिताना मी कुणालाच पाहिलं नव्हतं, खुद्द सरांनाही नाही.

मला ‘उत्तेजनार्थ’ मिळायचा. तो वक्तृत्व स्पर्धेचा होता. क्रीडा विभागात कसा आला, कुणाला माहीत नाही. सर म्हणायचे, “तुझ्यासाठीच आला आसंल. बोलतीस लई.”

सर बुटके, पायानं जरा फेंगडे, आणि मैदानावर कायम अनवाणी. पँट घोट्याच्या वर दुमडलेली. गळ्यात काळ्या दोऱ्यात शिट्टी. ती ते झोपतानाही काढत नसत, असं त्यांच्या घरूनच कळलं होतं. एका जुन्या विद्यार्थ्याच्या लग्नात मंगलाष्टका संपेचनात, तेव्हा सरांनी शिट्टी मारली. भटजी दचकून थांबले, वाजंत्र्यांना वाटलं झालं, त्यांनी वाजवायला सुरुवात केली आणि लग्न लागलं. “पंचानं वेळ पाळली पाह्यजे,” एवढंच सर म्हणाले आणि जेवायला बसले.

भेटल्यावर ते कुणालाही ‘कसा आहेस’ विचारत नसत. “दम हाये का?” असं विचारत. परीक्षेत नापास झालेल्या पोराला, नोकरीवरून काढलेल्या माणसाला, बाळंतपणाहून परतलेल्या बाईला, सगळ्यांना हाच प्रश्न. आणि उत्तर येईपर्यंत हलत नसत.

कबड्डीची मैदानं पांढऱ्या फक्कीनं आखलेली असतात, वसमतमधलं आमचं मैदान पिवळं असायचं. संस्था फक्की वेळेवर देत नसे, आणि हळदीच्या हंगामात मोंढ्याच्या बाजारात तर हळकुंडाची भुकटी झाडून ढिगानं बाजूला टाकलेली. सर पोतं घेऊन जायचे आणि मध्यरेषेपासून बोनस रेषेपर्यंत सगळं मैदान हळदीनं आखायचे. सराव संपला की आमचे पाय घोट्यापर्यंत पिवळे. पोरांना त्याचं काही नव्हतं, पण पोरींना बसमध्ये टोमणे खावे लागत. एकदा कंडक्टर ललिताच्या पायांकडं बघून म्हणाला, “काय बाई, हळद लागली वाटतं?”

“व्हय,” ललिता म्हणाली, “पण नवरदेव बाद झाला.”

ललिता आमची चढाई करणारी. सिद्धेश्वरच्या धरणाजवळच्या तांड्यावरची. मी तिच्याच संघात उजव्या कोपऱ्यात खेळायचे. ती पलीकडं तिघींना शिवून परत यायची आणि मी तोवर नुसती ओरडायचे. कामाची वाटणी अशी होती.

मी ओरडायला घरातच शिकले. माझे वडील मजुरांच्या संघटनेत. आमच्या घरी भाकरी पत्रकात गुंडाळलेली असायची, आणि भाकरी सोडताना मी आधी पत्रक वाचायचे. ‘जागे व्हा’ हे दोन शब्द मला बाराखडीच्या आधी ओळखू यायचे. म्हणून सरांच्या बक्षिसाचं नाव पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्या बक्षिसाचं नाव होतं ‘सालचा गडी’. कॉलेजच्या सर्वोत्कृष्ट पुरुष खेळाडूला दर वर्षी मिळायचं. सालगडी काय असतो, ते आमच्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. दुसऱ्याच्या शेतात वर्षभराच्या बोलीनं राबणारा माणूस. पाडव्याला त्याचं साल संपतं, पाडव्यालाच नवं ठरतं. ठरताना बोली होते: दोन वक्ताचं जेवण, कपड्याचे दोन जोड, एक घोंगडी, पायात वहाणा. सरांनी बक्षीसही तसंच ठेवलेलं. पाडव्याच्या सकाळी, कॉलेजला सुट्टी असताना, मैदानावर. खेळाडूला कपड्याचे दोन जोड, साखरा गावची घोंगडी, पायात बूट, आणि वर्षभर वसतिगृहात राहणं-जेवण. हार नाही, पाहुणे नाहीत, भाषण नाही.

नावामुळे घोटाळे व्हायचेच. बक्षीस नवं होतं तेव्हाची गोष्ट सगळे सांगतात. औंढ्याकडच्या एका पोरानं घरी फोन करून सांगितलं, “आई, मी कॉलेजात सालचा गडी झालो.” दुसऱ्या दिवशी आई दिराला घेऊन हजर. सरांच्या शिट्टीचा दोरा धरून तिनं त्यांना गदागदा हलवलं. “शिकायला धाडलं व्हतं लेकराला! तुमी काहून त्याला कामाला लावलं?” सरांनी शांतपणे हलून घेतलं. मग म्हणाले, “माय, दोरा तुटंल. शिट्टी एकच हाये.”

नाव बदला, असं त्यांना किती जणांनी सुचवलं. ‘क्रीडारत्न’, ‘क्रीडाभूषण’. सर ऐकायचे नाहीत. कारण एकदाच सांगितलं, तेही मैदान आखताना, माझ्याकडं न बघता. “माझा बाप जन्मभर सालगडी व्हता. शाळेत मास्तर इचारायचे, बाप काय करतो? मी म्हणायचो, शेती. खोटं न्हाई, पण खरं बी न्हाई. त्या शब्दाला लाज चिकटलेली हाये. ती खरवडून काढायची हाये मला. लोक टाळ्या वाजवत ‘सालचा गडी’ म्हणले पाह्यजेत.”

हे मला कळायच्या आधी मी पत्रक काढलं होतं, आणि कळल्यावरही त्यातली एक ओळ मागं घ्यावीशी वाटली नाही. पत्रकाचा मथळा होता, ‘कुणाचं साल, कुणाचा गडी?’ माणसाला वर्षानं बांधून घेणाऱ्या पद्धतीचं नाव बक्षिसाला कशाला? आणि ते फक्त पोरांनाच कशाला? त्या वर्षी विद्यापीठाच्या संघात आमच्या कॉलेजातून एकच नाव गेलं होतं, ते ललिताचं. पोरांचा संघ जिल्ह्यातच बाद झाला होता. तरी राहणं-जेवण मिळणार ते एका पोरालाच. शेवटची ओळ मी ठळक केली: ‘हे बक्षीस बंद करा.’

ललितासाठी तो नुसता तत्त्वाचा प्रश्न नव्हता. ती वसमतला मावशीकडं राहून शिकत होती, आणि मावशीचं घर पाडव्यानंतर पुण्याला हलणार होतं. तांड्याकडची शेवटची बस सराव सुरू व्हायच्या वेळेलाच सुटते. मुलींच्या वसतिगृहात खोली होती, पण तिथं राहायचं तर पैसे भरावे लागणार, आणि ते तिच्या घरी नव्हते. म्हणजे पाडव्यानंतर ललिता तांड्यावर. शेवटचं वर्ष बाहेरून परीक्षा देऊन, आणि कबड्डी संपली. ती हे कुणाला सांगत नव्हती. फक्त सरावाला सगळ्यांच्या आधी यायला लागली होती आणि सगळ्यांच्या नंतर जायला.

पत्रक सरांनी मैदानात उभं राहून मोठ्यानं वाचलं, शेवटपर्यंत. मग घडी करून खिशात घातलं.

“अक्षर बराबर हाये. पण काय गं, शेवटाला ‘बंद करा’ लिहिलंस. बंद करायला काय लागतं? कुलूप. तू खेळाडू हाइस का कुलूपवाली?”

“मग पोरींना द्या सर.”

“गडी म्हणजे गडी,” सर चिडून म्हणाले. “बाप्या माणूस. उद्या म्हणशील, बैलपोळ्याला गाय सजवा.”

“सजवा ना. दूध तीच देते.”

त्यानंतर मला चहा बंद झाला. ‘उत्तेजनार्थ’सुद्धा नाही.

मग शेजारच्या तालुक्याच्या कॉलेजबरोबर आमचा सामना आमच्याच मैदानावर झाला. मुलींचा. पंच सर. ललिता पहिल्यापासून सुटली होती. तिची चढाई बघायला मोंढ्यातले हमालही पोत्यांवर येऊन बसलेले. मध्यांतरानंतर ती एकदा फार आत शिरली आणि त्यांच्या कोपरारक्षक पोरीनं घोटा धरला. बाकीच्या तुटून पडल्या. ललिताचा हात मध्यरेषेपासून वीतभर लांब राहिला. सरांनी शिट्टी मारली, हात वर केला आणि नेहमीच्या आवाजात ओरडले, “गडी बाद!”

हे ते जन्मभर ओरडत आले होते. पोरांच्या सामन्यात, पोरींच्या सामन्यात, शाळेच्या चिमुकल्यांच्या सामन्यात. कबड्डीत गडीच बाद होतो, दुसरा शब्दच नाही. पण त्या दिवशी माझ्या कानात तो शब्द काट्यासारखा रुतला. मी कोपऱ्यातूनच ओरडले, “सर, कोण बाद?”

“गडी!”

“कोणता गडी?”

“ही काय, ही—” असं म्हणून सरांनी ललिताकडं बोट केलं, आणि बोट तसंच राहिलं.

ललिता मातीतून उठून हळद झटकत होती. पोत्यावरचा एक हमाल हसला. मग दुसरा हसला. मग सगळं मैदान. सर हसले नाहीत. शिट्टी ओठात धरून ते उभे राहिले, आणि ती बारीक आवाजात नुसतीच वाजत राहिली, कारण ते तिच्यातूनच श्वास घेत होते.

मग भानावर येऊन त्यांनी खिशातून हिरवं कार्ड काढलं आणि माझ्यापुढं धरलं. “पंचाशी हुज्जत. ताकीद.”

सामना आम्ही जिंकलो. संध्याकाळी मी बूट शोधत क्रीडा विभागात गेले, तर टेबलावर ‘उत्तेजनार्थ’ भरून ठेवलेला होता. वर साय धरली होती.

बक्षीस समितीच्या बैठकीला विद्यार्थ्यांच्या वतीनं मी होते. प्राचार्य, सचिव, मराठीचे प्राध्यापक आणि सर. प्राचार्य वाईट माणूस नव्हते. त्यांनी आधीच मार्ग काढून आणला होता. “मुलींसाठी वेगळं बक्षीस ठेवू. उत्कृष्ट खेळाडू विद्यार्थिनी. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह.”

“शाल पांघरून ती राहील कुठं?” मी विचारलं.

“तो वेगळा विषय आहे.”

“तोच विषय हाये,” सर म्हणाले. पहिल्यांदाच ते माझ्या बाजूनं बोलत होते, आणि आवाज मैदानावरचाच होता. खिडकीच्या काचा हलल्या. “ललिताला ‘सालचा गडी’ द्यायचा.”

मराठीचे प्राध्यापक सौम्यपणे म्हणाले, “सर, गडी हा शब्द पुल्लिंगी आहे.”

“शब्द आसंल. खेळ कुठं हाये? तुमी कधी सामना बघितलाय का पोरींचा?”

“एकदा उद्घाटनाला आलो होतो.”

“नारळ फोडून गेले आसाल. थांबले आसते तर ऐकलं आसतं. मी जन्मभर पोरींना ‘गडी बाद’ म्हणून मैदानाबाहेर काढत आलो. आन ह्या बक्षिसाला हात लावू दिला न्हाई, का, तर ती गडी न्हाई! म्हणजे बाहेर काढताना गडी, आन बक्षीस देताना बाई? हा कुठला न्याय? ह्ये मीच केलं. इतकी सालं मीच केलं, आन मला ऐकू आलं न्हाई.”

मग सचिव म्हणाले, “पोरं गोंधळ घालतील. गजाननचं नाव सगळ्यांनी धरलंय.”

गजानन पोरांच्या संघाचा कप्तान. साखऱ्याचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. बक्षिसाची घोंगडी दर वर्षी त्याचाच आजा विणून द्यायचा. तो दाराबाहेरच होता, आम्हाला माहीत नव्हतं. आत आला आणि दाराच्या चौकटीला टेकून म्हणाला, “मी जिल्ह्यातच बाद झालो. ती विद्यापीठात खेळली. मला दिलं तर पोरं तोंडावर टाळ्या वाजवतील आन पाठीमागं हसतील. मला न्हाई पाह्यजे.” मग जरा थांबून, कान खाजवत, “आज्याला मात्र तुमी कुणीतरी सांगा. त्यानं औंदा माझ्यासाठी म्हणून काळी लोकर येगळी काढून ठेवलीया.”

“मी सांगतो,” सर म्हणाले.

प्राचार्यांनी नियमांचा कागद पुढं ओढला. “काय लिहू?”

“काही लिहू नका. ‘पुरुष’ खोडा. गडी ऱ्हाऊ द्या.”

मला आत आनंद झाला होता आणि बाहेर मी तोंड वाकडं करून बसले होते, कारण माझ्या पत्रकात ‘बंद करा’ होतं आणि इथं तर दार उघडत होतं.

पाडव्याच्या सकाळी गावात गुढ्या उभ्या होत्या, मोंढा बंद होता आणि हवेत हळदीचा वास होता. सरांनी मैदान ताजं आखलं होतं. आम्ही सगळ्या होतो, पोरं होती, प्राचार्यही आले होते. ललिता एकाएकी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “माझं चुकलं काहीतरी. काल बाला फोन केला व्हता. म्हणलं, बा, मी सालचा गडी झाले. त्यानं फोनच ठेवला.”

तिचे वडील तरुणपणापासून सालगडी होते. ते सोडून त्यांनी धरणाजवळ बटाईनं शेती धरली होती. आपलं एकही लेकरू कुणाच्या सालाला राहणार नाही, असं त्यांनी तांड्यासमोर सांगितलेलं. ललिताचं हे मला सांगून पूर्ण होतंय, तोच ते फाटकातून येताना दिसले. उंच, वाळलेले, पांढरं धोतर, हातात काठी नाही, पण चाल काठी असल्यासारखी. ते सरळ मैदानात शिरले आणि पिवळ्या रेषेवर पाय पडणार, एवढ्यात सर सवयीनं ओरडले, “वहाणा!”

वडील थांबले. त्यांचं अंगच आपोआप वाकलं, आणि त्यांनी वहाणा काढल्या. वाकलेले असतानाच त्यांनी मान वर केली. “मालकापुढं काढायचो, तशाच काढल्या बघा,” ते म्हणाले. “आता सांगा, मालक कोण हिचा? मी साल मोडायला आलोय.”

सरांनी आपला एक पाय उचलून दाखवला. भेगाळलेला, हळदीनं माखलेला. मग प्राचार्यांकडं बोट केलं. प्राचार्य पँट दुमडून अनवाणी उभे होते, आणि त्यांचे गोरे पाय मातीत फारच केविलवाणे दिसत होते.

“हितं समद्यांनाच काढाव्या लागतात,” सर म्हणाले. “मोठ्यातल्या मोठ्याला बी.”

वडिलांनी सगळ्यांच्या पायांकडं बघितलं. एकेकाच्या. मग सरळ उभे राहिले.

“बोली काय ठरली?”

“दोन वक्ताचं जेवण. कपड्याचे दोन जोड. घोंगडी. पायात जोड. साल पाडव्यापासून पाडव्यापर्यंत.”

“काम काय?”

“पोरींच्या वसतिगृहात ऱ्हायचं, शिकायचं, आन दम धरायचा.”

“आन मालक?”

“त्ये कलम मी घातलंच न्हाई,” सर म्हणाले. “माझा बाप बी सालगडी व्हता. समदी बोली त्याचीच उचलली. मालक तेवढा गाळला.”

तेवढ्यात गजानन घोंगडी घेऊन आला. काळी, दाट, नव्या लोकरीच्या वासाची. “आजा म्हणला, पोरगी आसली तर काठ चांगला पाह्यजे, म्हणून परत उसवून विणला,” तो म्हणाला. “पहाटेपर्यंत मला झोपू दिलं न्हाई.”

वडिलांनी घोंगडीचा काठ दोन बोटांत धरून चोळला, उलटा करून बघितला. वर्षानुवर्षं पाडव्याला घोंगडी घेतलेला माणूस होता तो. “पहिल्यांदाच चांगली दिली कुणीतरी,” असं म्हणून त्यांनी ती स्वतःच ललिताच्या खांद्यावर टाकली. सरांनी शिट्टी मारली, आणि ओरडले, “सालचा गडी!” आम्ही सगळे तेच ओरडलो, आणि पोरं तर सगळ्यात मोठ्यानं.

चहाच्या वेळी सर स्टुलावर चढले आणि वरच्या फळीवरचा पालथा चषक खाली काढून सदऱ्याला पुसला. त्यात चहा ओतून त्यांनी तो ललिताच्या वडिलांपुढं धरला.

“ह्याच्यावर काय लिवलंय?” वडिलांनी विचारलं.

“विजेता, बा,” ललिता म्हणाली.

त्यांनी एक घोट घेतला आणि ओठ मागं घेतले. “पोळतंय की वो.”

“पहिल्यांदा पोळतंच,” सर म्हणाले. “धरून ऱ्हावा.”

मग त्यांनी माझा चषक माझ्या हातात दिला. मी पट्टी बघितली. ‘उत्तेजनार्थ’.

“काहून बघून राहिलीस?” सर म्हणाले. “पत्रकात ‘बंद करा’ लिहिलं व्हतं. झालं का बंद?”

“नाही.”

“मग पी गप.”